फडक्याखालची मूठ

"मूठ आणलीय गं, पण टाकायची कुठे?"

वत्सलामावशी शेजारच्या बाईंना हळूच विचारत होत्या आणि मी त्यांच्या मागे दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. काशीत दुर्गाघाटाजवळच्या गल्लीत आमच्या मराठी मंडळाचा हॉल आहे. दुपारी तिथे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची पंगत बसते. आत शिरताना डाव्या हाताला एक तिवई, तिवईवर पितळेचं पातेलं आणि पातेल्यावर लाल पंचा, असं मी लहानपणापासून बघत आले होते. दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी तिवई होती, पातेलं नव्हतं.

"आत असेल, स्वैपाकघरात विचार की," शेजारच्या बाई म्हणाल्या.

मावशींनी विचारलं नाही. शालीखाली मिटलेली मूठ तशीच घेऊन त्या पंगतीत जाऊन बसल्या. स्वैपाक करणाऱ्या गिरिजाभाभी वाढायला आल्या तेव्हा मावशींनी डावा हात पत्रावळीवर आडवा धरला. "मला नको. आज माझा उपास आहे."

या वर्षी कोहरा लवकर आला आहे. पुस्तकी मराठीत मी त्याला धुकं म्हणायला हवं, पण धुकं मी वाचलं आहे आणि कोहरा श्वासात घेतला आहे. सकाळी गच्चीवर गेलं तर गंगा नसते. पलीकडची रेती तर नसतेच, पण अलीकडच्या पायऱ्याही चार-दोन उतरून कुठेतरी संपून जातात. नाव दिसत नाही, तिची वल्ही ऐकू येतात. शिंदे घाटावरचं पाण्याकडे झुकलेलं देऊळ अशा सकाळी मला नेहमी असं दिसतं, की ते खाली वाकून काही शोधत आहे. दहा-अकरापर्यंत सूर्य चुन्याच्या डब्याच्या झाकणाएवढा दिसतो, तेवढाच पांढरा आणि तेवढाच थंड. ठेल्यांवर मटारचे ढीग, मलइयोवाल्याच्या कढईतला दुधाचा पिवळा फेस, दारादारात शेकायला पेटवलेल्या मातीच्या बोरशा, त्यांचा धूर आणि त्या धुरात न वाळलेल्या लोकरीचा वास. या वासाने मला दरवर्षी बरं वाटायचं. गेली दोन वर्षं वाटत नाही. हा वास आला की मला एक मिटलेली मूठ आठवते आणि मी गच्चीवरून खाली येते.

त्या मुठीबद्दल सांगायचं तर काशीवासाबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या गल्ल्यांमध्ये महाराष्ट्रातून आलेली जुनी कुटुंबं आहेत, आमचं त्यातलंच एक. पण काही माणसं उतारवयात आली, इथे मरण यावं म्हणून. त्यांतल्या बऱ्याच जणांचा एक नेम असतो. क्षेत्रात राहायचं तर कुणाचं फुकट खायचं नाही. परान्न घेतलं तर इतक्या वर्षांच्या राहण्याचं पुण्य ज्याचं अन्न खाल्लं त्याच्या खात्यात जातं, असं ती मानतात. हे खरं की खोटं, मला माहीत नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे पुण्य कुणाच्या खात्यात जातं हा विषय नव्हता.

मग अशा माणसांना पंगतीत बसवायचं कसं? मंडळातल्या कुणीतरी, कधीतरी, ही युक्ती काढली असणार. जेवायला येणाऱ्याने घरून मूठभर तांदूळ आणायचे आणि दारातल्या पातेल्यात टाकायचे. तेच तांदूळ भातात जातात, मग ते जेवण परान्न राहत नाही, सगळ्यांनी मिळून केलेला स्वैपाक होतो. आणि पातेल्यावर फडकं. हात फडक्याखाली घालायचा, मूठ उघडायची, हात बाहेर काढून कपाळाला लावायचा. कुणी किती टाकलं ते दिसत नाही. कुणी काहीच टाकलं नाही, तेही दिसत नाही. तांदळावर तांदूळ पडले की बारीक आवाज होतो, आणि एखाद्या हाताचा तो होत नाही, हे रांगेतल्या सगळ्यांना ठाऊक असे. नेमक्या त्या वेळी कुणाला तरी खोकला यायचा, कुणाला चप्पल नीट ठेवायची आठवण व्हायची.

मी फार बोलत नाही. "हिच्या तोंडाला कुलूप लावून किल्ली गंगेत टाकलीय," असं आमच्याकडे पाहुण्यांना सांगायची पद्धत आहे. मराठी ही माझी घरातल्या घरातली भाषा. घराबाहेर ती काढली की अनवाणी रस्त्यावर आल्यासारखं वाटतं. इंग्रजी कागदावर चांगली लिहिता येते, म्हणून एम.ए. करून घरी बसले होते तेव्हा श्रीधरअण्णांनी मला मंडळात बोलावलं. अण्णा रेल्वेतून निवृत्त झालेले, मंडळाचे सचिव. पूर्वी महाराष्ट्रातून काशीयात्रेला येणारे यजमान आपल्या माणसांच्या नावाने पंगत घालत आणि त्यावर हॉल चाले. आता यजमान हॉटेलात उतरतात आणि दोन दिवसांत अयोध्येला जातात. गॅस, डाळ, पीठ आणि गिरिजाभाभींचा पगार कुठून आणायचा या विवंचनेत अण्णांना कुठूनसं कळलं, की शहरातल्या वृद्धांच्या जेवणासाठी लखनौची एक संस्था अनुदान देते.

"रेवा, तू फक्त लिही. बोलायचं ते मी बोलतो," अण्णा म्हणाले. मला तेवढंच हवं होतं.

मी लिहिलं. अर्जात आमच्या पंगतीला लाभार्थी म्हणायचं होतं. मी एकेका चेहऱ्याला तो शब्द लावून बघत असे. वत्सलामावशी, लाभार्थी. भालचंद्रकाका, लाभार्थी. कुणालाच तो बसत नव्हता, पण चौकटीत बसत होता. अनुदान मंजूर झालं तेव्हा अण्णांनी गल्लीतल्या दुकानातून पेढे आणले आणि पहिला मला दिला. दिवाळीनंतर पंगतीत रोज भाजी आली. गिरिजाभाभी मटार वाटून निमोना करू लागल्या. पहिल्या दिवशी भालचंद्रकाका भुरका मारून म्हणाले, "अहाहा! मरायला आलो होतो, आता विचार करावा लागेल."

काका एका छापखान्यात खिळे जुळवण्याचं काम करायचे. पंगतीत हसवणारे तेच.

मग थंडी पडली आणि लखनौच्या मॅडम पाहणीला आल्या. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. दारात बूट काढून त्या मोज्यांनीच गार फरशीवर फिरल्या, प्रत्येकाशी वाकून बोलल्या, पंगतीत बसून जेवल्या. बाहेर पडताना त्यांना पातेलं दिसलं.

"ये क्या है?"

"कुछ नहीं मैडम, चावल है," अण्णा म्हणाले. "सब लोग थोड़ा-थोड़ा लाते हैं. श्रद्धा से."

मॅडम थांबल्या. त्यांनी सांगितलं, एका गावात जेवणाच्या नावाखाली म्हाताऱ्यांकडून वस्तू गोळा करत होते, तेव्हापासून नियम आहे. लाभार्थ्याकडून पैसे नाहीत, वस्तू नाहीत, काम नाही. "आपकी नीयत पर शक नहीं है, अण्णाजी. लेकिन मैं यह अपनी रिपोर्ट में कैसे लिखूँ? भूखे आदमी से चावल लेकर उसे खाना दिया?"

असं म्हटल्यावर ते खरोखरच भयंकर वाटलं. मलाही वाटलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मी माझ्या चपलांकडे. फडकं कशासाठी आहे ते मला सांगता आलं असतं. पण मनात वाक्य जुळवेपर्यंत गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी असल्याचा निरोप आला आणि मॅडम निघाल्या. दुसरा हप्ता पुढच्या भेटीनंतर मिळणार होता. अण्णांनी त्याच संध्याकाळी पातेलं माळ्यावर ठेवलं. तिवई जड होती, ती राहिली.

त्या पौषात आमच्या हॉलमध्ये जितके उपास झाले तितके पंचांगात नसतील. वत्सलामावशींचा सोमवार झाला, प्रदोष झाला, मग कुणाच्या तरी नावाचा गुरुवार. पंगतीत बसायच्या मात्र रोज. घरी एकटं बसून थंडी जास्त वाजते. शेजारच्या बाईंचं पोट बिघडलं. दोन भाऊ होते, वेदपाठी, ते यायचेच बंद झाले. कोहऱ्यामुळे वाट दिसत नाही, असं त्यांनी कळवलं. त्यांचं घर हॉलच्या समोर आहे.

"ई कउन एकादशी हौ भैया, रोज-रोज?" गिरिजाभाभींनी वाढायच्या भांड्यात उरलेल्या भाताकडे बघत अण्णांना विचारलं.

"तुम परोसो. पूछो मत."

"केके परोसीं? खंभा के?" भाभींनी पळी हॉलमधल्या खांबाकडे रोखली.

अण्णा चिडले. "तर मी काय करू? पातेलं ठेवलं की अनुदान जातं, अनुदान गेलं की गॅस जातो. मग मुठी आणतील आणि कच्चे तांदूळ चावत बसतील का?" हे ते मराठीत म्हणाले, म्हणजे भाभींना नव्हे. मला म्हणाले असावेत. मी मटार सोलत होते. मी सोलत राहिले.

एका दुपारी मी वरण-भात आणि निमोना डब्यात घेऊन वत्सलामावशींच्या खोलीवर गेले. मुन्शी घाटाच्या वरच्या अंगाला एका घराच्या तिसऱ्या मजल्यावर त्या राहतात. नवरा साताऱ्याकडचा शाळामास्तर. निवृत्तीनंतर दोघं इथे आली, आणि मास्तरांना आधी मरण मिळालं, असं त्या सांगतात. मिळालं, हाच त्यांचा शब्द. खोलीत एक खिडकी, तिला जुन्या साडीचा पडदा, खिडकीबाहेर नुसतं पांढरं, दुसरं काहीच नाही.

"अगं, एवढ्या थंडीत कशाला आलीस? ये, ये. पाय वर घे, फरशी गार आहे."

मी आईने पाठवल्याचं खोटं सांगितलं. शेजारधर्माचा डबा परान्न नसतो, एवढं मला माहीत होतं. मावशींनी डबा घेतला, माझ्यासमोर नाही जेवल्या. मला चहा दिला. त्यांच्या स्वतःच्या कपात चहा कमी होता, बिनसाखरेचा. "मला हल्ली गोड चालत नाही गं." आईची चौकशी केली, माझ्या लग्नाची केली, "एवढं इंग्रजी शिकलीस तर तिकडचाच बघा कुणी," म्हणून हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी घासून चकचकीत केलेला डबा हॉलमध्ये माझ्या हातात दिला. मी घरी येऊन उघडला. तळाशी चमचाभर साखर होती.

दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. माझी आईही करत नाही. पण ती साखर बघून मी जी स्वैपाकघरात खाली बसले, ती बराच वेळ उठले नाही. मी रोज डबा नेला असता तर त्यांनी रोज चमचाभर साखर दिली असती आणि एका आठवड्यात त्यांचा साखरेचा डबा संपला असता. माझी मदत परवडण्यासारखी नव्हती. मी पुन्हा डबा नेला नाही.

फुकट देणं सोपं असतं, असं आता मला वाटतं. घेणाऱ्याला घेता येईल असं देणं, त्यासाठी फडकं लागतं. पण हेही मी ठामपणे म्हणू शकत नाही, कारण त्याच दिवसांत भालचंद्रकाका मला जिन्यात भेटले होते. ते रोज जेवत होते, दुसऱ्यांदा भात मागून घेत होते. मी बघते आहे हे त्यांनी बघितलं होतं.

"काय गं, मी खातो म्हणून हिशेब लावतेयस?"

"नाही काका."

"लाव की. हे बघ, मुठीने पोट भरत नाही. माझी मूठ कित्येक महिने रिकामीच जात होती त्या फडक्याखाली. रोज दारात उभं राहून नाटक करायचं, कपाळाला हात लावायचा! ते पातेलं गेलं त्या दिवशी मी सरळ मान करून आत आलो. फुकट तर फुकट. पुण्य जाईल तर जाऊ दे, माझ्याकडे असं कितीसं आहे?" मग जिन्याच्या कठड्याला धरून खाली उतरता उतरता ते म्हणाले, "वत्सलाबाईंना मात्र काही सांगू नकोस. त्या माझ्या शेजारी उभ्या राहून खोकायच्या."

या दोन माणसांच्या मध्ये मी तो सगळा पौष उभी होते. अजूनही तिथेच आहे.

अनुदानाचं काय झालं ते आधीच सांगून टाकते. दुसरा हप्ता मिळाला. पुढच्या वर्षी मात्र मुदत वाढली नाही. पत्र सभ्य होतं, कारण दिलेलं नव्हतं. माझ्यामुळे झालं की मंडळच लहान म्हणून झालं, हे मला कधी कळणार नाही. अण्णांनी मला बोल लावला नाही. त्यांनी फक्त एकदा हॉलची किल्ली हातात खेळवत म्हटलं, "आता एक दिवसाआड उघडू." तेव्हापासून हॉल एक दिवसाआड उघडतो. निमोना क्वचित होतो. पातेलं तिवईवर आहे, फडकं नवीन आहे. वत्सलामावशी येतात, हात फडक्याखाली घालतात, जेवतात. भालचंद्रकाका येतात, तेही हात घालतात, आणि माझ्याकडे बघून एक भुवई उडवतात. बंद दिवशी ही माणसं काय खातात, ते मी विचारत नाही. काका चेष्टा करतील. मावशी सांगतील, उपास होता.

आज सकाळी गच्चीवरून खाली येऊन मी मटार सोलायला घेतले. एक शेंग फोडली की हिरवा, कच्चा, गोडसर वास येतो, आणि त्या मागोमाग मॅडमच्या दुसऱ्या भेटीचा दिवस येतोच.

संक्रांतीच्या आसपासचे दिवस होते. इथे संक्रांतीला खिचड़ी म्हणतात. त्या दिवशी सारं शहर तांदूळ देतं, देवळात, घाटावर, दारावर आलेल्याला. गल्लीत सगळीकडे सांडलेले तांदूळ आणि त्यांवर कबुतरं. अण्णांनी घरोघरी निरोप पाठवले होते, "आज सगळ्यांनी या, आज तरी उपास नको." माणसं आली. आली, पण निम्मी आत शिरेनात. अंगणात शाली आणि कानटोप्या गुंडाळून बोरशीभोवती उभी राहिली, तोंडातून वाफा सोडत. मॅडम आत होत्या, पुन्हा मोज्यांवरच. अर्ध्या पत्रावळी रिकाम्या बघून त्यांनी विचारलं, "इतने कम लोग?"

"सर्दी है मैडम. कोहरा," अण्णा म्हणाले.

मॅडम दारात आल्या. समोर वत्सलामावशी होत्या. तिवईपाशी येऊन त्या थांबल्या होत्या, जसा बैल ओळखीच्या वळणावर थांबतो. उजवा हात शालीखाली होता.

"आइए अम्माजी, बैठिए न."

मावशी हलल्या नाहीत.

"हाथ में क्या है?" मॅडमनी प्रेमानेच विचारलं. लहान मुलाला विचारावं तसं, आणि तिथेच चुकलं.

"कुछ नहीं," मावशी म्हणाल्या. त्यांनी हात आणखी आत घेतला. मी इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा असा पाहिला नव्हता. काहीतरी चोरलंय आणि आता झडती होणार, असा तो चेहरा होता. आपलेच तांदूळ घेऊन आलेली बाई. मागे भालचंद्रकाका खोकले. मोठ्याने, पुन्हा पुन्हा. कुणीतरी चपला सरळ करू लागलं. मॅडम गोंधळून एकदा काकांकडे, एकदा चपलांकडे बघत होत्या. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत स्पष्ट होतं, रेवा, आता नको, आज सही होऊन जाऊ दे. गॅस, डाळ, भाभींचा पगार, सगळं त्या नजरेत होतं, आणि ते सगळं बरोबर होतं.

मॅडमना समजेल असं वाक्य माझ्याजवळ तयार होतं. महिनाभर मी ते इंग्रजीत घोटत होते. अनुदान, प्रतिष्ठा, परंपरा, सगळे शब्द जागच्या जागी होते. तोंड उघडलं तर त्यातला एकही आला नाही. मी नुसती पुढे गेले. तिवईच्या अलीकडे, जिथे पातेलं असायचं तिथे, मावशींच्या समोर दोन्ही हातांची ओंजळ करून उभी राहिले. आणि मग ध्यानात आलं, की ओंजळ उघडी आहे, सगळ्यांना दिसेल. मी हात तसेच ठेवून खांद्यावरची ओढणी हनुवटीने ओढली. ती ओंजळीवर पडली. लाल नव्हती, पण पुरेशी होती. त्या दुपारी माझ्या हातांत काय पडलं आणि किती, ते मी कुणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही.

बोरशीतलं लाकूड तडकलं. अण्णांनी डोळे मिटले. मावशी माझ्याकडे बघत होत्या. तेव्हा मी, घराबाहेर, सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणाले,

"इथे टाका, मावशी."